पिकअपला अलार्म आणि रिमोट स्टार्ट बसवताना: वायरिंग, कागद आणि खर्च

रिमोट स्टार्टची किट बघायला गेलं की दुकानदार आधी लांबून इंजिन चालू करून दाखवतो. बघायला छान वाटतं. पण साध्या गिअरच्या मालवाहू गाडीत इंजिन चालू करणं हे तासाभराचं काम आहे. ते नको तेव्हा चालू होऊ नये, ह्याची वायरिंग दिवसभर खाते आणि तीच आधी करायची असते. आमच्या पिकअपवर हे सगळं नुकतंच करून घेतलं. ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी क्रमाने लिहीत आहे.

गाडी १२ व्होल्टची, डिझेल, पाच गिअरची. वाशी मार्केटातून ठाणे-भिवंडीकडे फेऱ्या आणि रात्री तुर्भ्यात रस्त्याच्या कडेला मुक्काम. बॅटरी, स्टेपनी आणि टाकीतलं डिझेल ह्यांची रात्री धाकधूक असते, म्हणून अलार्म हा मूळ हेतू. रिमोट स्टार्ट त्याच्या जोडीने आला. थंड प्रदेशात इंजिन आणि काच गरम करून घ्यायला तो वापरतात. आपल्याकडे मे महिन्यात एसीची केबिन आधी गार करून घेणं, एवढाच त्याचा खरा उपयोग. गाडीला एसी नसेल तर त्यात पैसे घालू नका, अलार्म आणि सेल्फ-कट (अलार्म लागलेला असताना सेल्फ लागू न देणारी जोडणी) एवढंच बसवा, असं माझं मत आहे.

दसरा झाल्यावर कागदांपासून सुरुवात केली. सर्व्हिस सेंटरवाले तोंडी ‘चालेल’ म्हणाले, लेखी द्यायला मात्र तयार नव्हते. जॉबकार्डवर लिहून मागितल्यावर कळलं की कंपनीचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कापलं तर इलेक्ट्रिकल वॉरंटी जाते. आमची वॉरंटी संपत आली होती, म्हणून ती संपेपर्यंत थांबलो. त्या काळात विमा कंपनीला मेल टाकून ठेवला: काय बसवणार, किंमत किती, कोण बसवणार. उत्तर यायला आठवडा लागला. चोरीविरोधी उपकरणाची सवलत एआरएआयने (वाहनांची चाचणी करणारी संस्था) मान्य केलेल्या उपकरणालाच मिळते आणि आमच्या किटला ती मान्यता नव्हती, त्यामुळे सवलत नाही. तरी मेल पाठवावाच. उद्या वायरिंगमुळे आग लागली आणि क्लेम करायची वेळ आली, तर ‘परस्पर बदल केलात’ ह्या आक्षेपाला तुमच्याकडे तारखेसह कागद असतो.

आरटीओत नोंदीचं काम निघालं नाही, कारण आरसीवर लिहिलेलं काहीच बदलत नाही. पण दोन नियम आधी माहीत हवेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११९ एकामागोमाग वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न आणि कर्कश आवाज करणारं साधन गाडीला लावू देत नाही. किटसोबत येणारा सहा आवाजांचा भोंगा ह्यातच बसतो. मी तो बाजूला ठेवला आणि एकाच सुराचा लावला. दुसरं, मोटार वाहन कायद्याचं कलम १२६. सार्वजनिक जागी गाडी उभी असेल तर चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. म्हणजे रस्त्यावर उभ्या रिकाम्या गाडीचं इंजिन रिमोटने चालू करणं कायद्यात बसत नाही. हे दुकानात कोणी सांगत नाही. रिमोट स्टार्ट फक्त आपल्या खाजगी आवारात वापरायचा, हे मनाशी ठरवूनच पैसे खर्च करा.

मग किट. बाजारात स्वस्त पुश-बटणवाल्या किट भरपूर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांसाठी असतात. गाडी गिअरमध्ये आहे की न्यूट्रलला, ह्याची त्या तपासणीच करत नाहीत. साध्या गिअरच्या गाडीला असली किट लावली आणि ड्रायव्हरने पहिल्या गिअरमध्ये गाडी लावलेली असली, तर बटण दाबताच ती सेल्फवर पुढे उडी मारते. पुढे हमाल उभा असला तर काय होईल, वेगळं सांगायला नको. म्हणून मॉड्यूलमध्ये, म्हणजे किटच्या कंट्रोल बॉक्समध्ये, मॅन्युअल गिअरचा मोड आहे का, हा पहिला प्रश्न. असं मॉड्यूल दुकानात तयार मिळालं नाही, मागवावं लागलं. त्यात पंधरवडा गेला.

दुसरा प्रश्न रिमोटचा: रोलिंग कोड, म्हणजे दर दाबाला बदलणारा कोड, आहे का? साध्या ४३३ मेगाहर्ट्झच्या रिमोटमध्ये कायमचा एकच कोड असतो आणि गेटच्या रिमोटची नक्कल करून देणारा कोणीही मिनिटभरात त्याची नक्कल करतो. विकत घेण्याआधी अशा दुकानात रिमोट नेऊन बघा. नक्कल निघाली आणि तिने अलार्म उघडला, तर ती किट परत करा.

तिसरी गोष्ट चावीतली चिप. इग्निशन ऑन केल्यावर डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लागून विझत असेल, तर गाडीत इमोबिलायझर (चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) असण्याची शक्यता मोठी. तिथे नुसत्या वायरी जोडून इंजिन चालू होत नाही. त्यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे दुसरी चावी डॅशबोर्डच्या आत कॉइलमध्ये लपवून ठेवायची. हे करू नका. एक तर कंपनीचं संरक्षण तुम्ही स्वतः काढून टाकता. आणि गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, त्यातली एक गाडीबरोबरच गेलेली असते. आमच्या चावीत चिप नव्हती, म्हणून हे काम हाती घेतलं. चिप असती तर फक्त अलार्म लावला असता.

किरकोळ सामान लॅमिंग्टन रोडवरून आणलं: ४० अँपिअरचे पाच पिनचे रिले (विजेवर चालणारे स्विच) बेससकट, १एन४००७ डायोड, हीट श्रिंक स्लीव्ह, ब्लेड फ्यूज होल्डर, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), कापडी हार्नेस टेप. वायर दोन जाडीची लागते. इग्निशन आणि सेल्फच्या मुख्य लाईनला ४ चौरस मिलिमीटर, सेन्सरच्या लाईनींना ०.७५. काळी प्लॅस्टिक टेप घेऊ नका. आपल्या उन्हात तिचा गोंद वितळतो, जोड चिकट होतो आणि टेप सुटते.

काम कळंबोलीच्या एका जुन्या वायरमन काकांकडे केलं. ट्रकचं काम करणारा माणूस निवडण्याचं कारण सेल्फच्या लाईनीचा अनुभव. कारला म्युझिक सिस्टिम लावणाऱ्याला तो असेलच असं नाही. काकांनी किट हातात घेतली, तक्ता वाचला आणि म्हणाले, “भाऊ, सेल्फची वायर शेवटी जोडू. आधी हँडब्रेक, बोनेट आणि दारं.” तिथेच माझा जीव भांड्यात पडला.

स्टिअरिंगखालचं कव्हर काढून इग्निशन स्विचच्या वायरी ओळखणं हे पहिलं काम. वायरीच्या रंगावर कधीच विसंबू नका, किटच्या कागदावरच्या रंगांवर तर नाहीच. मल्टिमीटरची काळी पिन बॉडी अर्थला लावून एकेक वायर तपासायची. चावी काढलेली असतानाही १२ व्होल्ट दाखवते ती बॅटरीची थेट लाईन. चावी ऑन केल्यावर १२ दाखवते आणि सेल्फ मारतानाही तशीच राहते ती इग्निशन. ऑनला १२, पण सेल्फ मारताना शून्य होते ती अ‍ॅक्सेसरी. आणि फक्त सेल्फ मारतानाच १२ दाखवते ती सेल्फची. इग्निशनच्या दोन वायरी असू शकतात. दुसरी सुटली तर रिमोटने इंजिन चालू होतं, पण चार्जिंगचा दिवा किंवा एसीचा ब्लोअर बंद राहतो. बल्बवाला टेस्ट लॅम्प ह्या कामाला वापरू नका. तो जास्त करंट ओढतो आणि ईसीएमच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) वायरीला लागला तर महागात पडतो. एअरबॅग असेल तर पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही. सगळ्या वायरी ओळखून चिकटपट्टीने नावं लावली आणि मगच बॅटरीची निगेटिव्ह काढली.

अर्थिंगला काकांनी बराच वेळ दिला, आणि तो द्यावाच. डॅशबोर्डच्या पत्र्यात स्क्रू पिळून अर्थ घेतात, तो महिन्याभरात ढिला पडतो आणि मग अलार्म वेड्यासारखा वागतो. आम्ही स्टिअरिंग कॉलमच्या ब्रॅकेटचा मूळ बोल्ट काढला, खालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला, थिंबल दाबून वर डाग दिला, दातेरी वॉशर घालून कसला आणि वरून ग्रीसचा हात फिरवला. मॉड्यूल, सेन्सर आणि रिले ह्या सगळ्यांचा अर्थ ह्या एकाच जागी. थेट बॅटरीवरून येणाऱ्या लाईनला ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात बसवला. फ्यूज केबिनमध्ये ठेवला तर बॅटरी ते केबिन हा तुकडा उघडा राहतो आणि तिथेच वायर घासून शॉर्ट होते.

अलार्मचे ट्रिगर साधे आहेत. ड्रायव्हरच्या दाराला दिव्याचा पिन स्विच होता, क्लिनरच्या बाजूला नव्हता. तिथे नवा बसवला, बोनेटलाही एक. बोनेटचा स्विच झाकण बंद झाल्यावर पाचसहा मिलिमीटर दबला पाहिजे. कमी दबला तर थोड्या हादऱ्यानेही अलार्म वाजतो. आमचा हौदा बंद पेटीचा असल्यामुळे मागच्या दाराला चुंबकाचा रीड स्विच लावला आणि त्याची वायर पन्हळी नळीतून चॅसीच्या आतल्या बाजूने पुढे आणली, सायलेन्सरपासून दूर. उघड्या हौद्याला ह्याचा उपयोग नाही, ताडपत्री कापली तर अलार्मला काही कळत नाही. डिझेलसाठी तर कुलूपवालं झाकण आणि टाकीच्या तोंडात जाळी हेच खरं, ते अलार्मवर सोडू नका.

इंडिकेटरसाठी किटमधून दोन वायरी येतात. त्या हझार्ड स्विचमागे डाव्या आणि उजव्या लाईनला स्वतंत्र जोडायच्या. दोन्ही एकत्र पिळल्या की डावा इंडिकेटर दिला तरी चारही लुकलुकतात, आणि पासिंगला हे पहिल्यांदा पकडलं जातं.

आता सेल्फ-कट. बऱ्याच किटसोबतच्या चित्रात रिले इग्निशनच्या लाईनमध्ये दाखवलेला असतो, म्हणजे रिमोटचं बटण दाबलं की चालती गाडी बंद. हे धोक्याचं आहे. माल भरलेली गाडी मुंब्रा बायपासच्या उतारावर असताना इंजिन बंद पडलं, तर पॉवर स्टिअरिंग जातं आणि दोनतीनदा ब्रेक दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो. रिले फक्त सेल्फच्या लाईनमध्ये टाका. सेल्फची वायर कापून चावीकडचं टोक रिलेच्या ३० नंबरच्या पिनला आणि इंजिनकडचं ८७ए ला. ह्यामुळे किट कधी मेली तरी रिले आपल्या मूळ स्थितीत राहतो आणि गाडी चावीने चालू होते. रिलेच्या कॉइलच्या ८५-८६ पिनांवर डायोड लावायचा, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे, म्हणजे कॉइलचा उलटा झटका मॉड्यूलला बसत नाही. रिमोट स्टार्टचं सेल्फचं आउटपुट रिलेच्या इंजिनकडच्या बाजूला जोडायचं. चावीकडच्या बाजूला जोडलं तर अलार्म लागलेला असताना रिमोट स्टार्ट नुसता टकटक करतो.

मॅन्युअल मोडचं तत्त्व नीट समजून घ्या, कारण सगळी सुरक्षा त्यावर उभी आहे. गाडी न्यूट्रलला आहे हे मॉड्यूल थेट बघत नाही, ते ड्रायव्हरकडून सिद्ध करून घेतं. गाडी लावताना इंजिन चालूच ठेवायचं, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढायचा, पाय ब्रेकवरून आणि क्लचवरून काढायचे, रिमोटचं ठरलेलं बटण दाबायचं आणि चावी काढायची. इंजिन चालूच राहतं. उतरून दार लावायचं, रिमोटने लॉक करायचं, तेव्हा इंजिन बंद होतं. क्लच सोडूनही इंजिन चालू राहिलं आणि गाडी जागची हलली नाही, म्हणजे ती न्यूट्रलला आहे. नंतर दार उघडलं गेलं नाही, तर गिअरला हात लागलेला नाही. दार उघडलं की मॉड्यूल हे सगळं रद्द करतं आणि रिमोटने इंजिन चालू होत नाही. म्हणून दोन्ही दारांचे पिन स्विच आणि हँडब्रेकची वायर इतकी महत्त्वाची. दार उघडलेलं मॉड्यूलला कळलंच नाही, तर सगळा हिशोब कोसळतो. एक फट तरीही उरते: काच खाली असेल तर बाहेरून हात घालून गिअर हलवता येतो. काचा बंद करणं हा सवयीचा भाग करा, आणि भरलेल्या गाडीला चाकाखाली ठोकळा लावाच. पिकअपच्या हँडब्रेकची केबल ढिली पडायला वेळ लागत नाही.

इंजिन चालू झालं हे मॉड्यूलला कळण्याचा प्रश्न डिझेलला वेगळा असतो. पेट्रोलसारखी इग्निशन कॉइल नाही, त्यामुळे आरपीएमचा सिग्नल शोधावा लागतो. क्रँक सेन्सरची वायर टोचू नका, सिग्नल बिघडला की इंजिनच बंद पडतं. इंजेक्टरच्या वायरींवर कॉमन रेल इंजिनात फार जास्त व्होल्टेज असतं, तिथेही नाही. डायनामोच्या मागे डब्ल्यू टर्मिनल (फिरण्याच्या वेगाचा सिग्नल देणारी पिन) असेल तर ते उत्तम. मल्टिमीटर हर्ट्झवर ठेवून बघा, रेस दिली की आकडा वाढला पाहिजे. ते नसेल तर व्होल्टेजवर ठेवायचं: इंजिन बंद असताना बॅटरी साधारण १२.६, चालू असताना १३.८ ते १४.४. ह्यात अडचण अशी की बॅटरी उतरलेली असेल किंवा ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन आधी तापवणारे) चालूच असतील, तर इंजिन चालू होऊनही व्होल्टेज लगेच वर येत नाही. मॉड्यूलला वाटतं चालू झालंच नाही, आणि ते फिरत्या इंजिनावर पुन्हा सेल्फ मारतं. सेल्फच्या पिनियनचे (छोट्या दातेरी चाकाचे) दात त्याने जातात. आमच्याकडे डब्ल्यू टर्मिनल मिळालं. ग्लोसाठी इग्निशन ऑन ते सेल्फ ह्यांच्यात १० सेकंद थांबायची सेटिंग केली आणि इंजिन आपोआप बंद व्हायची वेळ १० मिनिटांवर ठेवली.

चाचणी मोकळ्या आवारात, चाकांना ठोकळे लावून घेतली. बोनेट उघडं ठेवून रिमोट दाबला, सेल्फ लागता कामा नये. हँडब्रेक खाली, सेल्फ नाही. क्लिनरचं दार उघडून लावलं, सेल्फ नाही. लावतानाचा क्रम न पाळता नुसतं लॉक केलं, सेल्फ नाही. चालू इंजिनावर ब्रेक दाबला, इंजिन बंद. ह्यातलं एकही चुकलं तर गाडी ताब्यात घेऊ नका. आमची क्लिनरच्या दाराची चाचणी पहिल्यांदा फसली. नवा पिन स्विच दाराच्या रबराने अर्धवट दबून राहत होता. तो एक सेंटिमीटर खाली सरकवला आणि सगळ्या चाचण्या पहिल्यापासून पुन्हा घेतल्या. संध्याकाळ झाली होती, पण काकांनी घाई केली नाही.

पहिल्या आठवड्यात त्रास झाला तो हादरा ओळखणाऱ्या शॉक सेन्सरचा. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंटेनर गेला की अलार्म ओरडायचा. रात्री दहानंतर वस्तीत हे योग्य नाही, आणि सारखा वाजणारा अलार्म शेवटी ड्रायव्हर बंदच करून ठेवतो. सेन्सर प्लॅस्टिकवरून काढून कॉलमच्या धातूवर घट्ट बांधला आणि स्क्रू थोडा थोडा फिरवत आणला: दाराच्या खांबावर मूठ आपटली तर वाजावा, शेजारून गाडी गेली तर नाही. भोंग्याचं तोंड खाली ठेवा, नाहीतर पहिल्या पावसात त्यात पाणी साचतं.

बॅटरीची गळतीही मोजून घ्या. निगेटिव्ह काढून मल्टिमीटर १० अँपिअरवर मध्ये जोडायचा, अलार्म लावून अर्धा तास थांबायचं, मग आकडा बघायचा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटर जळतो. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. तेवढ्यानेही दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे गाडी महिनाभर उभी राहिली तर ७५ची बॅटरी निम्मी होते. दिवाळीत गाडी उभी ठेवून गावी जाणार असाल तर निगेटिव्ह काढून जा.

एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत माल भरताना चावी काढून सिक्युरिटीकडे द्यायला लावतात. चावी त्यांच्याकडे आणि रिमोट ड्रायव्हरच्या खिशात, ह्याला काही अर्थ नाही. म्हणून बोनेट स्विचच्या लाईनवर एक लपवलेला टॉगल स्विच टाकला. तो एका बाजूला केला की मॉड्यूलला बोनेट उघडं दिसतं आणि रिमोट स्टार्ट पूर्ण बंद राहतो. कारखान्यात, पेट्रोल पंपावर, गॅरेजमध्ये आणि रस्त्यावर रिमोट स्टार्ट बंदच ठेवायचा, असं ड्रायव्हरला बजावलं आहे. बंद शेडमध्येही इंजिन रिमोटने चालू करायचं नाही, धुराने माणूस गुदमरतो.

मोठ्या २४ व्होल्टच्या ट्रकवाल्यांसाठी एवढंच: दोन बॅटऱ्यांच्या मधून १२ व्होल्ट काढून किट चालवू नका. एका बॅटरीवर जास्त भार पडतो, दुसरी जास्त चार्ज होते आणि जोडी लवकर मरते. २४ची किट घ्या किंवा कन्व्हर्टर लावा. आणि स्पीड गव्हर्नर (वेगाला मर्यादा घालणारं यंत्र) असेल तर त्याच्या सीलला हात लागता कामा नये.

खर्च असा झाला: अलार्म २,२००, रिमोट स्टार्टचं मॉड्यूल ७,८००, रिले-वायर-फ्यूज वगैरे १,४५०, दोन पिन स्विच २४०, रीड स्विच १८०, मजुरी ३,५००. एकूण १५,३७० रुपये. बुडालेल्या फेरीचं भाडं त्यात धरलेलं नाही. फक्त अलार्म आणि सेल्फ-कट केलं असतं तर साधारण निम्म्यात भागलं असतं.

काकांकडून कुठली वायर कुठे जोडली ह्याचं हाताने काढलेलं चित्र, फ्यूजच्या जागेसकट, मागून घेतलं. त्याची एक प्रत लॅमिनेट करून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आणि एक फोटो ड्रायव्हरच्या मोबाइलवर पाठवला. टॉगलची जागा मात्र चित्रात दाखवलेली नाही, ती मला आणि ड्रायव्हरलाच माहीत आहे.